रेव्हॉक्स ए७७ : एका स्पूल रेकॉर्डरच्या दुरुस्तीच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२४

यंत्र कपाटातून बाहेर काढलं. रेव्हॉक्स ए७७, दोन ट्रॅक, वेग सेकंदाला पावणेचार आणि साडेसात इंच, साडेदहा इंची स्पूल बसतो. विली श्टुडर यांच्या स्विस कंपनीने हे मॉडेल १९६७ साली आणलं. तीन मोटारी, तीन हेड (पुसणं, रेकॉर्ड आणि प्ले यांची), आणि टेप चालवणारा रबरी पट्टा एकही नाही. संग्रहातल्या इतर यंत्रांआधी हे हाती घेण्याचं मुख्य कारण तेच. रबरी पट्ट्यांची यंत्रं आपल्या हवेत चिकट काळ्या लगद्याने भरलेली निघतात; इथे टेप ओढणारा कॅप्स्टन थेट मोटारीच्या दांड्यावरच आहे.

काम कशासाठी : घरगुती बैठकींच्या जुन्या स्पूल वाजवून संगणकावर घ्यायच्या आहेत. यातल्या बहुतेकांची दुसरी प्रत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम : यंत्राची परीक्षा त्या टेपवर करायची नाही. ब्रेक, ओढ आणि हेड तपासून होईपर्यंत फक्त भंगारातली सराव-स्पूल चढवायची.

वीज न लावता पाहणी. कॅप्स्टनच्या दांड्याला गंज नाही. ही पहिली पाहायची गोष्ट, कारण इथला खड्डा पॉलिश करून जात नाही आणि प्रत्येक फेरीला आवाजात थरथर देतो. हेडवर टेपने घासलेला पट्टा दिसतो, पण त्याच्या कडेला नख अडकत नाही. मोठ्या स्पूलचे हब दोन्ही आहेत. मागच्या रिमोट सॉकेटमधला गोल डमी प्लग मात्र गायब. त्याची कथा पुढे येईल.

६ ऑगस्ट

लाकडी पेटीतून यंत्र काढलं. प्रत्येक बोर्डचे, प्रत्येक वायरचे फोटो घेतले. मगच पान्याला हात.

विजेच्या बाजूचा स्पार्क दाबणारा कंडेन्सर अपेक्षेप्रमाणे तडकलेला. हे पिवळसर पारदर्शक आवरणाचे कागदी कंडेन्सर जुन्या युरोपीय यंत्रांत सर्रास असतात. आवरणाला बारीक भेगा पडतात, पावसाळी दमट हवा आत शिरते, कागद ओल धरतो. मग एक दिवस वीज दिल्यावर दहा मिनिटांत खोलीभर उग्र धूर. यंत्र "चालू आहे" असं सांगून कोणी विकलं तरी हा भाग आधी बदलायचा, वीज नंतर. त्याच मूल्याचा, फिल्म प्रकारचा, थेट विजेच्या तारांवर लावायच्या एक्स२ वर्गाचा २७५ व्होल्ट एसीचा बसवला. साधा ४०० व्होल्ट डीसीचा कंडेन्सर इथे चालत नाही. तो शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो.

व्होल्टेज सिलेक्टर २२० वर होता. भिंतीतला पुरवठा २३८ मोजला, म्हणून २४० वर फिरवला. २२० वर ठेवलं तर ट्रान्सफॉर्मर आणि मोटारी कायम गरम राहतात आणि रेग्युलेटरवर विनाकारण ताण येतो. फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती काढून मागच्या पट्टीवर छापलेल्या अँपिअरचा, सावकाश उडणारा फ्यूज घातला.

१० ऑगस्ट

पहिली वीज. यंत्राच्या वाटेत सिरीज बल्ब लावून, म्हणजे शॉर्ट असेल तर करंट बल्ब अडवेल. इथे एक बारकावा आहे : ६० वॉटचा बल्ब लावला तर मोटारी सुरू होताच व्होल्टेज इतकं पडतं की रिले धरतच नाहीत, आणि बिघाड नसलेल्या ठिकाणी बिघाड शोधत बसावं लागतं. म्हणून आधी ६० वॉट, मोटारी बंद ठेवून, फक्त शॉर्ट नाही ना एवढं पाहायला. मग २०० वॉट. डिमरस्टॅटने हळूहळू व्होल्टेज चढवणं ॲम्प्लिफायरला ठीक, पण कमी व्होल्टेजवर एसी मोटार अडून बसते आणि तापते. इथे टाळलं.

स्थिर पुरवठा २१ व्होल्टचा हवा, २०.८ मिळाला. त्यावर १०० हर्ट्झची लहर ३५ मिलिव्होल्ट, म्हणजे फिल्टर कंडेन्सर थकलेला. आकडा लिहून ठेवला, बदल नंतर.

प्लेचं बटण दाबलं, काही नाही. हाच तो डमी प्लग. स्टॉपचं सर्किट मागच्या रिमोट सॉकेटमधून फिरून येतं. प्लग नसेल तर यंत्राला वाटतं की कोणी स्टॉप दाबून धरलंय. कित्येक धडधाकट ए७७ एवढ्याच कारणाने "डेड" म्हणून भंगारात गेलेली आहेत. सर्किटच्या नकाशावरून पिना ओळखून एका जुन्या प्लगमध्ये जोडणी केली. रिलेचा खणखणीत आवाज आला, उजवी मोटार फिरली. कॅप्स्टन मात्र सुसाट. लगेच बंद केलं.

१५ ऑगस्ट

स्पूलच्या दोन्ही मोटारींचे रनिंग कंडेन्सर काढून मीटरवर घेतले. डावा छापील मूल्यापेक्षा २२ टक्के कमी, उजवा ९ टक्के. डाव्या बाजूला रिवाइंड सुस्त होतं, ते यामुळे. कंडेन्सर कमी झाला की दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट घटतो, जोर जातो आणि मोटार गरम होते. दोन्ही बाजूंना एकाच बॅचचे, ४५० व्होल्ट एसीचे पॉलिप्रॉपिलीन मोटर-रन कंडेन्सर बसवले. पंख्याच्या दुकानात मिळतात त्यातलेच, पण मूल्य छापल्याप्रमाणे जुळवायचं. जवळचं गोल मूल्य घेतलं तर दोन बाजूंची ओढ असमान होते. कॅप्स्टन मोटारीचाही बदलला.

१८ ऑगस्ट

ब्रेक. टेप तुटते किंवा ताणली जाते ती बहुतेक वेळा इथे, म्हणून पूर्ण दिवस दिला.

तत्त्व साधं आहे. टेप धावत असताना स्टॉप दाबलं की जो स्पूल टेप सोडतोय त्याने आधी आणि जोरात थांबायला हवं. गोळा करणाऱ्याने थोडं मागून. उलटं झालं तर टेपचा फुगा पडतो, तो कॅप्स्टनभोवती गुंडाळला जातो आणि पुढच्या झटक्याला टेप तुटते. पट्टीचा ब्रेक एका दिशेने स्वतःलाच आवळतो आणि दुसऱ्या दिशेने सैल राहतो, त्यामुळे प्रत्येक बाजूला दोन आकडे यायला हवेत, एक मोठा आणि एक लहान.

स्पूलच्या हबवर दोरी गुंडाळून स्प्रिंगच्या काट्याने सावकाश ओढून पाहिलं. डावीकडे ३१० आणि १६० ग्रॅम. उजवीकडे १९० आणि १५०. म्हणजे उजवा ब्रेक दोन्ही दिशांना जवळपास सारखाच निसटतोय. उघडल्यावर घासणाऱ्या पृष्ठभागावर तेलकट चकाकी. मागे कोणीतरी मोटारीत सढळ हाताने तेल ओतलेलं, ते उडून इथे आलं होतं.

आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने पुसलं. फडकं तीनदा काळं झालं, चौथ्यांदा स्वच्छ. पॉलिश पेपर लावला नाही, कारण ओरखडे पडले की ब्रेक कचकचतो. वाळल्यावर उजवीकडे ३०० आणि १५५. बोटांचं तेलसुद्धा पुरतं, म्हणून हातमोजे घालूनच जोडणी केली.

सराव-स्पूलवर वीस वेळा : पूर्ण वेगाने पुढे, स्टॉप, पूर्ण वेगाने मागे, स्टॉप. स्पूल जवळपास रिकामा असताना, अर्धा असताना आणि भरलेला असताना. फुगा एकदाही नाही. लहान स्पूल चढवताना स्पूलच्या आकाराचं बटण लहानवर ठेवायला विसरू नये. मोठ्याच्या ओढीने पातळ टेप ताणली जाते.

२५ ऑगस्ट

कॅप्स्टन मोटार काढली. बेअरिंग सच्छिद्र ब्राँझचं, त्याच्या छिद्रांत तेल मुरलेलं असतं. जुनं तेल घट्ट होऊन मधासारखं झालेलं. पुसून आयसोफ्लेक्स पीडीपी ६५ चे तीन थेंब, रात्रभर मुरू दिले, जास्तीचं टिपून घेतलं. गंज सोडवणारा स्प्रे इथे कधीही मारू नये. तो मुरलेलं तेल धुऊन काढतो, मोटार दोन दिवस सुंदर फिरते आणि मग जाम होते.

टेप कॅप्स्टनवर दाबणाऱ्या पिंच रोलरचं रबर चकचकीत आणि कडक. नख रुतत नव्हतं. नवीन रबर चढवून गोल घासून घेतला. टेपचा वेग कॅप्स्टनच्या जाडीवर ठरतो, रोलरच्या नाही, त्यामुळे व्यास अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी निभतं. पण गोलाई आणि दांड्याशी समांतरता यांत तडजोड नाही. रोलर किंचित तिरका असेल तर टेप वर किंवा खाली चढते आणि कडा दुमडतात.

१ सप्टेंबर

सुसाट कॅप्स्टन. मोटारीच्या बाजूला एक टॅको-कॉइल असते. फिरत्या दात्यांवरून ती साडेसातच्या वेगाला १६०० हर्ट्झ आणि पावणेचारला ८०० हर्ट्झ देते. सर्व्हो बोर्ड ही वारंवारता पाहून मोटारीचा करंट कमीजास्त करतं. टॅकोचा सिग्नल हरवला तर बोर्डला वाटतं मोटार थांबलीय, आणि ते पूर्ण जोर देतं. म्हणून "फार वेगात चालतं" ही तक्रार आली की आधी टॅको तपासावा. कॉइल अखंड होती, पण कनेक्टरच्या पिनेवर सोल्डरला गोल तडा. नवं सोल्डर लावलं, फ्रीक्वेन्सी मीटर जोडला : १६०४. प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवून १६००.

चाळीस मिनिटांनी १५८७, तासाभराने १६१९.

इथे एक चूक झाली. बोर्डवरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर एकदम बदलले, आणि फरक शून्य. आधी मोजून, एकेक भाग तपासून जायला हवं होतं. मग केस वाळवायच्या यंत्राने बोर्डचे छोटे छोटे भाग गरम केले आणि फ्रीझ स्प्रेने थंड केले. कंडेन्सर शांत, ट्रान्झिस्टर शांत. वेगाच्या प्रीसेटला प्लास्टिकच्या काडीने नुसतं टेकलं तर आकडा ४० हर्ट्झने उडाला. उघड्या कार्बनचा प्रीसेट, धातूचा स्पर्श-बिंदू काळा पडलेला. त्याच मूल्याचा बंद प्रकारचा सरमेट प्रीसेट बसवला. तीन तासांत १५९९ ते १६०१.

टॅको बरोबर म्हणजे टेपचा वेग बरोबर असं नाही. रोलर घसरत असेल तर टॅकोला कळत नाही. म्हणून मोजलेल्या टेपची कसोटी. साडेसात इंचाच्या वेगाने १०० सेकंदांत १९.०५ मीटर टेप जाते. एवढ्या अंतरावर दोन पांढऱ्या खुणा करून स्पूलच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेळ घेतली : ९९.९, १००.०, १००.१. यंत्राची मूळ हमी ०.२ टक्क्याची, म्हणजे शंभर सेकंदांत ०.२. आत बसलं.

८ सप्टेंबर

बाकीचे बोर्ड, पण एका वेळी एकच. प्रत्येक बोर्डनंतर यंत्र लावून ऐकायचं आणि मोजायचं. सगळं एकदम बदलून शेवटी घरघर आली तर ती कुठून आली हे शोधायला दुप्पट वेळ जातो.

पुरवठ्याचा मुख्य फिल्टर बदलला : लहर ३५ वरून ४ मिलिव्होल्ट. थेंबाच्या आकाराचे टँटेलम कंडेन्सर सगळे काढले. ते सुकत नाहीत, एकदम शॉर्ट होतात आणि सोबत रेझिस्टर जाळतात. उघडे कार्बन प्रीसेट सगळे बदलले. काढण्याआधी प्रत्येकाची स्थिती ओहममध्ये मोजून वहीत लिहिली आणि नवा त्याच आकड्यावर ठेवून बसवला, म्हणजे ॲडजस्टमेंट शून्यापासून सुरू करावी लागत नाही. फिल्म कंडेन्सर बदलले नाहीत. मोजले, सगळे २ टक्क्यांच्या आत. त्यांना हात लावायचं कारणच नाही.

लॅमिंग्टन रोड आणि बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत बहुतेक मूल्यं मिळाली. तिथे सुटे घेतलेले इलेक्ट्रोलिटिक मात्र प्रत्येक मीटरवर घेऊनच लावायचे; दहातले दोन बाद निघाले.

रिलेचे संपर्क : जाड कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवून संपर्कांमध्ये धरायची आणि ओढायची. सँडपेपर नाही, वरचा चांदीचा थर जातो.

टेप संपल्यावर थांबवणारा दिवा गेलेला होता. दिवा आणि प्रकाश ओळखणारा रेझिस्टर यांच्यामधून टेप जाते. टेप संपली की प्रकाश पडतो आणि यंत्र थांबतं. दिवा गेला तर यंत्र समजतं की टेप आहेच, आणि मोकळं टोक फटाफट आपटत राहतं. त्याच व्होल्टेजचा दिवा घातला.

१५ सप्टेंबर

डाव्या बाजूला प्लेमध्ये पापड भाजल्यासारखी चरचर. टेप न लावताही येते, म्हणजे टेपचा दोष नाही. उजव्या-डाव्या प्ले बोर्डची अदलाबदल केली. चरचर बोर्डबरोबर उजवीकडे गेली. फ्रीझ स्प्रेचा एक फवारा पहिल्या ट्रान्झिस्टरवर मारला आणि आवाज थांबला, गरम होताच परत आला. धातूच्या टोपीचा लहान ट्रान्झिस्टर होता. जागी बीसी ५५० सी, पण पायांचा क्रम उलटा येतो. न पाहता बसवला तर बोर्ड बंद. जुळा तुकडा म्हणून दुसऱ्या बोर्डवरही तोच बदल केला, नाहीतर दोन बाजूंची सुरसुर वेगळी ऐकू येते.

२२ सप्टेंबर

हेड आणि टेपचा संपूर्ण मार्ग अल्कोहोलने पुसला, पूर्ण वाळू दिला. डीमॅग्नेटायझर, म्हणजे हेडवरचं साठलेलं चुंबकत्व काढणारी कांडी : यंत्र बंद, टेस्ट टेप खोलीबाहेर. कांडी हेडजवळ नेऊन सावकाश मागे, हाताच्या अंतरापलीकडे नेल्यावरच बंद करायची. जवळ असताना बंद केली तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकीय होतं.

ॲझिमथ, म्हणजे हेडच्या फटीचा टेपशी काटकोन. टेस्ट टेपवरचा १० किलोहर्ट्झचा सूर, डावी-उजवी बाजू स्कोपवर (लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) एकमेकांसमोर. साडेसातच्या वेगाला या सुराची लांबी टेपवर जेमतेम १९ मायक्रॉन, त्यामुळे स्क्रूच्या अष्टमांश फेरीने रेघेचं वर्तुळ होतं. थेट १० किलोवर गेलं तर एक पूर्ण लाट चुकून "बरोबर" दिसू शकतं. म्हणून आधी १ किलोवर रेघ सरळ करायची, मग वर जायचं. स्क्रूवर थेंबभर नेलपॉलिश.

२९ सप्टेंबर

प्लेची पातळी आणि इक्वलायझेशन (वरच्या-खालच्या सुरांचा तोल). टेस्ट टेप साडेसात इंची, नॅब (अमेरिकी) पद्धतीची, २५० नॅनोवेबर प्रति मीटर.

यात सर्वाधिक गोंधळ होतो. साडेसातच्या वेगाला नॅब पद्धत ३१८० आणि ५० मायक्रोसेकंद. युरोपीय आयईसी पद्धत ७० मायक्रोसेकंद, खालच्या टोकाला उठाव नाही. हे यंत्र नॅबचं. आयईसीने घेतलेली टेप इथे लावली तर वरचे सूर सुमारे ३ डीबी दबतात आणि ५० हर्ट्झच्या आसपास तेवढेच खालचेही. तंबोऱ्याच्या झणकारात हे लगेच कळतं. मग डिजिटल प्रत घेतल्यावर उलट वळण लावून दुरुस्त करायचं. यंत्राचे प्रीसेट प्रत्येक टेपसाठी फिरवायचे नाहीत. पावणेचारला दोन्ही पद्धती ३१८० आणि ९०, तिथे प्रश्न नाही.

आकडे : ४० हर्ट्झला +१.५, १ किलोला ०, १० किलोला −०.५, १५ किलोला −१.५ डीबी. वरची घट हेडच्या झिजेची, अजून चालण्यासारखी.

दुसरा घोळ ट्रॅकचा. चार ट्रॅकची, दोन्ही बाजूंनी भरलेली टेप या दोन ट्रॅकच्या हेडवर लावली की गाण्यामागे उलटं गाणं ऐकू येतं. हा यंत्राचा दोष नाही. रुंद हेड शेजारचा उलट्या दिशेचा ट्रॅकही वाचतं. अशा टेपसाठी चार ट्रॅकचं यंत्रच हवं.

६ ऑक्टोबर

रेकॉर्डिंग आवश्यक नाही, तरी यंत्र पूर्ण करायचं म्हणून. नवी एसएम ९११ टेप. बायसची (रेकॉर्ड करताना आवाजात मिसळायच्या, कानाला न ऐकू येणाऱ्या सुराची) वारंवारता १२० किलोहर्ट्झ मोजली. १० किलोचा सूर −२० डीबीवर रेकॉर्ड करत बायस वाढवला, आउटपुट शिखरावर जाऊन उतरू लागलं, ४ डीबी उतरल्यावर थांबलो. बायस कमी ठेवला तर वरचे सूर चमकतात पण खालच्या सुरांत विकृती वाढते. जास्त ठेवला तर सगळं मऊ पडतं. मग पातळी अशी लावली की सोर्स आणि टेप यांच्यात बटण फिरवल्यावर व्होल्टेज हलू नये. आधी बायस, मग पातळी, मग वरचा उठाव. क्रम बदलला की पुन्हा सगळं.

१३ ऑक्टोबर

टेपची तयारी. रांगेत चौदा स्पूल. चारांवर मागच्या बाजूला काळा मुलामा आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या खोक्यांवरचे ४०६ आणि ४५६ हे आकडे. या टेपचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा गोंद, हवेतली ओल धरून चिकट होतो. वाजवली तर किंचाळते आणि हेडवर तपकिरी थर सोडते. आपल्या किनारी आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात पन्नास वर्षं राहिल्यावर हे होणारच.

उपाय : फळं वाळवण्याच्या, पंखा असलेल्या यंत्रात ५४ अंश सेल्सियसला ८ तास, दर दोन तासांनी स्पूल उलटा, तापमान वेगळ्या थर्मामीटरने तपासून. मग बंद यंत्रातच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. गॅसची भट्टी किंवा मायक्रोवेव्ह अजिबात नाही. परिणाम काही आठवडे टिकतो, तेवढ्यात प्रत घ्यायची.

त्याआधी ॲसिटेटच्या (जुन्या प्लास्टिकच्या) टेप वेगळ्या काढल्या. स्पूल उजेडासमोर धरला की ॲसिटेटचा गठ्ठा अर्धपारदर्शक दिसतो, पॉलिस्टरचा काळा. दोन निघाल्या, एकीला शिरक्याचा वास. ॲसिटेट भाजली तर ठिसूळ होऊन जाते. त्या वेगळ्या, हवा खेळेल अशा खोक्यांत ठेवल्या आणि सर्वांत आधी वाजवायच्या.

२० ऑक्टोबर

सलग चार तास चालवलं. टॅको १५९९ ते १६०१. ३१५० हर्ट्झच्या सुरावर थरथर ०.०७ टक्के, मूळ हमी ०.०८. ट्रान्सफॉर्मर हाताला कोमट. ब्रेकचे चारही आकडे पुन्हा मोजले : ३०५, १६०, ३००, १५५.

शिरक्याच्या वासाची ॲसिटेट स्पूल पहिली चढवली. पुढे-मागे वेगाने फिरवली नाही, सुरुवातीपासून साडेसातच्या वेगानेच. एका ठिकाणी जुना सांधा सुटला, नव्या स्प्लायसिंग टेपने जोडून पुढे. ४१ मिनिटं, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. हेडवर थर नाही.

शिल्लक : उजव्या व्हीयू मीटरचा दिवा, पेटीचं खालचं लाकूड, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ब्रेकचं पुन्हा वजन.